काकांच्या तीन प्रश्नांची लांबलेली उत्तरं

सप्टेंबरातल्या एका रविवारी परतवाड्याहून काकांचा फोन आला. या दिवसांत काकांचा फोन म्हणजे संत्र्याची फळगळ, नाहीतर मोबाईलमध्ये काहीतरी बिघडलेलं. मी त्या तयारीनं उचलला. पण विषय वेगळाच निघाला.

"छोटीच्या शाळेतले सर घरी आले होते. म्हन्ते, पोरगी चांगली पयते, अमरावतीले क्रॉस कंट्रीच्या जिल्हा स्पर्धेत न्यायची हाय. आता हे क्रॉस कंट्री म्हन्जे काय असते गा? तू पयत होता ना शाळेत?"

मी काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न आला. "अन् त्यातून भेटते काय?" मागून काकूचा आवाज: "त्याले हे इचारा, पोरीच्या जातीले झेपन का? दहावीचं वर्ष हाय तिचं."

छोटी म्हणजे माझी चुलत बहीण. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. तीन प्रश्नांची उत्तरं दोन मिनिटांत द्यायला हवी होती, पण "सांगतो" म्हणून फोन ठेवला. शाळेत चार वर्षं मी हेच केलं होतं. पहाटे धारणी रस्त्यानं निघायचं, समोर सातपुड्याची रांग धरायची आणि उजाडल्यावर परत फिरायचं. तरीही आपण जे धावत होतो ते आलं कुठून, हे मला धड माहीत नव्हतं. मग रात्री बसून वाचत गेलो आणि काकांना तुकड्यातुकड्यांनी लिहीत गेलो. ते सगळं इथे एकत्र मांडतो आहे, कारण घरातलं पोर पहिल्यांदा धावायला लागलं की बहुतेक घरांत हेच तीन प्रश्न पडतात.

पहिला प्रश्न : हे असते काय?

साधं उत्तर असं. आखीव ट्रॅकवर नाही, डांबरी रस्त्यावर नाही, तर माळ, गवत, चढउतार, चिखल, जमीन जशी असेल तशी ओलांडत काही किलोमीटर धावायचं. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी हे अंतर चार किलोमीटर असतं.

याचा उगम इंग्लंडातल्या निवासी शाळांत आहे. श्रूसबरीच्या शाळेत मुलांनी चालवलेल्या अशा धावण्याच्या मंडळाच्या नोंदी किमान १८३१ पासूनच्या आहेत. रग्बीच्या शाळेतली 'क्रिक रन' ही शर्यत १८३०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. खेळाची कल्पना शिकारीवरून घेतलेली होती. दोन मुलं 'ससे' व्हायची आणि कागदाचे कपटे टाकत पुढे पळायची. बाकीची पोरं 'शिकारी कुत्री' होऊन त्या कपट्यांच्या मागानं कुंपणं, ओढे, नांगरलेली शेतं ओलांडत जायची. १८५७ साली आलेल्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीत रग्बीतल्या या खेळाचं वर्णन आहे आणि पुस्तक खूप खपल्यामुळे खेळही पसरला. १८६८ साली लंडनजवळ 'थेम्स हेअर अँड हाउंड्स' हा क्लब निघाला. म्हणजे शाळकरी पोरांनी सुरू केलेला खेळ मोठ्यांनी नंतर उचलला.

हे वाचताना मला आमचं गाव आठवत होतं. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या सैन्यानं गाविलगड घेतला. तो गड चिखलदऱ्याला जाताना आजही दिसतो. पुढे एलिचपुराजवळ, म्हणजे आजच्या अचलपुराजवळ, हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी वसली. आजचं परतवाडा त्या छावणीच्याच जागी वाढलेलं गाव. इंग्रज अधिकारी होते, माळ होता, चढ होते, आणि धावणारी माणसंही होती. डाकेचे धावक हातात घुंगरांची काठी घेऊन टप्प्याटप्प्यानं टपाल पोचवायचे. पण त्याला कुणी खेळ म्हणत नव्हतं. ती मजुरी होती. तिकडे शेतातून धावणं हा साहेबाच्या पोराचा खेळ होता आणि इकडे रानातून धावणं हे गरिबाचं काम. हा फरक शंभर वर्षांनंतरही पुरता गेलेला नाही. काकांच्या "त्यातून भेटते काय?" या प्रश्नात तो शिल्लक आहे.

आपल्याकडे व्यायाम नव्हता असं मात्र नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. वऱ्हाडातल्या माणसाला त्याचा अभिमान असतो आणि तो रास्त आहे. पण आपली व्यायामाची कल्पना आखाड्याची होती: कुस्ती, मल्लखांब, लाठी, जोर-बैठका. पैलवान धावायचा तो दम वाढावा म्हणून. नुसतं लांब धावणं हा स्वतंत्र खेळ, असं चित्र डोळ्यांसमोर नव्हतं.

ते चित्र एका माणसाला दिसलं, १९१९ साली, पुण्यात. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची पोरं होती. अनवाणी, प्रशिक्षणाचा गंध नसलेली, साधं खाऊन आलेली. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या, हे टाटांच्या लक्षात आलं. त्यांनी खटपट केली, पैसा उभा केला, आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारताचं छोटं पथक गेलं. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९वे आले. त्या शर्यतीचं अंतर आजच्यापेक्षाही थोडं जास्त, सुमारे पाऊणे त्रेचाळीस किलोमीटर होतं.

मला यात चौगुल्यांच्या पायांइतकेच टाटांचे डोळे महत्त्वाचे वाटतात. ती पोरं १९१९च्या आधीही पळत होती. फरक एवढाच पडला की त्या दिवशी कडेला उभ्या असलेल्या माणसानं नीट पाहिलं.

उन्हाबद्दल, जे कुणी विचारलं नव्हतं

क्रॉस कंट्री ही शर्यत १९१२, १९२० आणि १९२४ अशा तीन ऑलिम्पिकांत होती. मग काढून टाकली. कारण पॅरिसमधली १९२४ची शर्यत. जुलैचा दिवस होता, तापमान ४० अंशांच्या आसपास. ३८ जण सुटले आणि १५ जणांनी शर्यत पुरी केली. फिनलंडचा पावो नुर्मी आरामात जिंकला, पण त्याच्या मागे माणसं भोवळ येऊन पडत होती, उलट्या दिशेनं पळत होती, स्ट्रेचरवरून नेली जात होती. त्यानंतर या शर्यतीला ऑलिम्पिकमध्ये पुन्हा जागा मिळाली नाही.

हे वाचून मी थांबलो, कारण मी स्वतः असा पडलो आहे. नववीत होतो. ऑक्टोबरातली शर्यत, सकाळी सातची. पाहुणे उशिरा आले, मग हार, मग भाषणं, आणि आम्ही सुटलो तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. तिसऱ्या किलोमीटरनंतरचं मला आठवत नाही. मित्र सांगतो की मी रस्ता सोडून पऱ्हाटीत शिरलो होतो आणि काहीबाही बरळत होतो. कुणीतरी शेतातल्या पंपाच्या पाण्याखाली मला धरलं म्हणून निभावलं. घरी मी सांगितलं, "चक्कर आली होती जराशी."

म्हणून काकांना न विचारलेलं आधी लिहिलं. वऱ्हाडातला ऑक्टोबर गंभीरपणे घ्या. शर्यत उशिरा सुटणार असेल तर पोरीला सावलीत बसवा, घोटघोट पाणी देत राहा, पाण्यात मीठ-साखर असू द्या. धावताना दम लागणं, पोटात कळ येणं हे चालतं. पण तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर शर्यत तिथेच संपली असं समजायचं. सावली, अंगावर भरपूर पाणी, वारा, आणि थेट दवाखाना. "थोडंच राहिलं" असं ओरडायचं नाही. उन्हाचा झटका जिवावर बेततो, आणि ज्याला तो येतो त्याला स्वतःला कळत नाही. कडेच्या माणसालाच पाहावं लागतं.

काकूचा प्रश्न : पोरीच्या जातीले झेपन का?

काकूला एकटं वाटू नये म्हणून सांगतो की हा प्रश्न जगानं फार वर्षं विचारला. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी काहीजणी दमून मैदानावर आडव्या झाल्या, त्याचा गवगवा झाला, आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. पुरुष शर्यतीनंतर आडवे झाले की ते पराक्रमाचं लक्षण, बायका झाल्या की ते अपात्रतेचं. १९७३ साली क्रॉस कंट्रीची जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा पुरुषांना १२ किलोमीटर होते आणि बायकांना त्याच्या निम्मेही नव्हते. मोठ्या गटात दोघांचं अंतर सारखं, १० किलोमीटर, व्हायला २०१७ची कंपालाची स्पर्धा उजाडावी लागली.

आणि आपल्या राज्यात? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१०च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत या स्पर्धेचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. आदिवासी पाड्यावरची ही मुलगी नाशिकच्या प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या नजरेस पडली आणि पुढचं सगळं घडलं. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय स्त्री. म्हणजे झेपतं. प्रश्न झेपण्याचा नाही, सांभाळण्याचा आहे.

सांभाळायचं काय, ते मी माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीला विचारून काकूला लिहिलं. धावणाऱ्या मुलीला रोजच्यापेक्षा जास्त जेवण लागतं, कमी नाही. "पयतेस तं बारीक राह्य" असं तिला घरात कुणीही म्हणायचं नाही. रक्ताची तपासणी करून हिमोग्लोबिन पाहून घ्यायचं, कारण रक्त कमी असलं तर पोरगी आळशी वाटते, ती आळशी नसते. पाळी सुरू असताना धावायला हरकत नाही, तिला बरं वाटत असेल तर. पण सुरू झालेली पाळी सरावाच्या दिवसांत तीन महिने आलीच नाही, तर ते "पयल्यानं होते असं" म्हणून सोडून द्यायचं नाही. शरीराला खाणं पुरत नसल्याची ती खूण असू शकते. तेव्हा डॉक्टरकडे न्यायचं. हाडं याच वयात भरतात.

आणि पहाटे एकटीनं रस्त्यावर जायचं नाही. दोघीतिघींनी जायचं, किंवा घरातल्या कुणी सायकलवर सोबत जायचं. काका तसेही पाचला उठतात.

काकांचा प्रश्न : भेटते काय?

हा प्रश्न हलका नाही. परतवाड्यात पहाटे रस्त्यावर धावणारी जी पोरं दिसतात, त्यातली बहुतेक भरतीची असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी ती पोरं वर्षानुवर्षं पळतात. धावणं आमच्याकडे प्रामुख्यानं नोकरीच्या दारातली रांग आहे, आणि त्या रांगेची चेष्टा करायचा मला अधिकार नाही. माझी नोकरी वेगळ्या रांगेतून आली, एवढंच.

तर हिशोब असा. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे, पण ती कुठल्या पातळीवरच्या सहभागाला मिळते ते सरांना विचारून, प्रमाणपत्र जपून, वेळेत अर्ज करून मिळते. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते वरच्या पातळीवर नाव काढणाऱ्यांना. धावणाऱ्या बहुतेक मुलांना यातलं काहीच मिळत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि अविनाश साबळे? काकांनी त्याचं नाव घेतलंच होतं. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातला मांडवा गावचा मुलगा. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. २०१५ साली सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतीत पहिल्यांदा उतरला. तिथून स्टीपलचेसकडे वळवला गेला, आणि २०१८ साली त्यानं गोपाल सैनीचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. १९९८ ते २०१८ या राष्ट्रकुल स्पर्धांत स्टीपलचेसची तिन्ही पदकं दरवेळी केनियाकडे गेली होती. २०२२ साली बर्मिंगहॅमला साबळेनं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सोनं हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागानं.

ही गोष्ट आपण सांगतो तेव्हा शाळेच्या सहा किलोमीटरवर फार जोर देतो, जणू लांबच्या शाळेमुळेच धावपटू झाला. पण त्याच तालुक्यात तशाच लांबच्या शाळेत हजारो पोरं चालत गेली. मेळघाटातली पोरं आजही जातात. शाळा लांब असणं ही साधना नाही, गैरसोय आहे. साबळेला वेगळं काय मिळालं? पोटभर आणि नियमित जेवण, सरावाला वेळ, आणि त्याच्या धावण्याकडे बघून "तू हे करून बघ" म्हणणारा प्रशिक्षक. चौगुल्यांच्या बाबतीत टाटा, कविता राऊतच्या बाबतीत विजेंदर सिंग, साबळेच्या बाबतीत सैन्य. पाय आधीच तयार होते. पाहणारं कुणीतरी मिळालं.

इथे मला माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल. माझे बाबा आरागिरणीत हिशोबाला होते. त्यांनी माझं धावणं कधी बंद केलं नाही. अकरावीत ट्यूशन सुरू झाल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बारावी होऊ दे, मंग पय." मला ते पटलं. बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली. मी पुन्हा धावलो नाही. बाबांनी माझी एकही शर्यत पाहिली नाही, आणि मीही त्यांना कधी बोलावलं नाही. मी काही साबळे होणार नव्हतो, माझा सगळ्यात चांगला क्रमांक जिल्ह्यात अकरावा. पण त्या अकराव्या क्रमांकाबद्दल घरात कुणाशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, असं अजूनही वाटतं.

आणि त्या अकराव्या क्रमांकाला किंमत होती. ही गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही. क्रॉस कंट्री ही संघाची शर्यत असते. मोठ्या स्पर्धांत सहसा संघातल्या पहिल्या चौघांचे क्रमांक बेरजेला धरतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. समजा एका संघाच्या मुली १, २, ३० आणि ४० व्या आल्या. बेरीज ७३. दुसऱ्या संघाच्या १२, १४, १६ आणि १८ व्या. बेरीज ६०. पहिली-दुसरी आणणारा संघ हरला. म्हणजे चाळिसावी येणारी मुलगी शेवटच्या दोनशे मीटरांत तिघींना मागे टाकते, तेव्हा ती संघाचे तीन गुण वाचवत असते. शाळेच्या किती खेळांत मागे असलेल्या पोराला असं काम असतं? बाकीच्यांना आपण टाळ्या वाजवायला बसवतो.

म्हणून छोटी घरी आल्यावर "कितवा नंबर?" एवढंच विचारू नका. आणि वेळेची तुलना तर करूच नका. एका माळावरची चार किलोमीटरची वेळ दुसऱ्या माळावर निरुपयोगी असते. मागच्या वेळी जी मुलगी पुढे होती ती या वेळी किती पुढे होती, हे विचारा.

बाकी किरकोळ. बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालायचे नाहीत. अनवाणी धावण्याच्या गोष्टी ऐकायला छान, आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत. शर्यतीआधी दोन-तीन तास रोजचंच हलकं खायचं. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती. नडगीचं दुखणं दाबून पळायचं नाही.

आणि शर्यत बघायला जायचंच. शेवटच्या रेषेवर गर्दी असते, तिथे नको. अर्ध्याच्या पुढे, चढ संपतो त्या वळणावर उभं राहायचं. तिथे कुणी नसतं. पोरांना सोडून द्यावंसं वाटतं ते तिथेच. ओरडायला काही सुचलं नाही तर नुसतं नाव घ्यायचं.

हे सगळं आठवडाभर पाठवत राहिलो. निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर यायचं नाही. दहावीचं वर्ष आहे, काकांनी ठरवलं असेल, असं मी धरून चाललो. नवव्या दिवशी फोन आला.

"ते टाटाचं अन् इंग्रजाचं समदं वाचलं," काका म्हणाले. "छोटीलेही वाचून दाखोलं. आता दोन गोष्टी सांग. चांगले बूट कितीले येते? अन् ते वळन कुठं असते, हे सरायले आधीच इचारून ठेवता येते का?"